बॉयलर सोडला, ब्लॉक धरला

प्लँटमधल्या ज्युनिअर मुलांचे फोन येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, एमबीए नसेल तर विजेच्या ट्रेडिंगमध्ये घेतात का?" मला घेतलं. एमबीए मी आजही केलेलं नाही. पण मी ज्या दारातून आत शिरलो ते दार आहे असं प्लँटमध्ये कुणाला वाटतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मेकॅनिकलचा. २०१२ साली विदर्भातल्या एका खाजगी औष्णिक केंद्रात ट्रेनी म्हणून लागलो. ३०० मेगावॅटचे दोन संच. त्याच पावसाळ्यात ३० जुलैला उत्तरेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बसलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्येचंही. पश्चिम ग्रिड तगलं. आम्ही ट्रेनी कंट्रोल रूममध्ये मागे भिंतीला टेकून उभे होतो आणि सीनिअर मंडळी एरवी ज्या आकड्याकडे ढुंकूनही बघत नसत, त्या फ्रिक्वेन्सीवर डोळे लावून बसली होती. आपला टर्बाइन कुठल्या कुठल्या राज्यांतल्या पंपांशी आणि पंख्यांशी बांधलेला आहे, हे त्या दिवशी समजलं. कॉलेजात हे सगळं शिकवलेलं असतं, पण तिथे त्याला मार्क असतात.

पुढची काही वर्षं शिफ्ट केली. मिल, फॅन, सूट ब्लोइंग, ट्यूब लीकेज. बीओईची (बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची) परीक्षा दिली, पास झालो, शिफ्टमध्ये वजन वाढलं. काम आवडत होतं, हे मुद्दाम सांगतो. कारण कंटाळून पळालेल्या माणसाची ही गोष्ट नाही. खटकत होतं ते वेगळंच. आमच्या एका संचाला दीर्घ मुदतीचा करार होता, दुसऱ्याला नव्हता. त्या काळात देशभर हीच रड होती: संच उभे, पण वीज घ्यायला गिऱ्हाईक नाही. आमचा दुसरा संच कधी चालायचा, कधी महिनोन्‌महिने रिझर्व्ह शटडाऊनमध्ये पडून राहायचा. आम्ही ऑपरेशनवाले हीट रेटमध्ये, म्हणजे एका युनिट विजेला लागणाऱ्या उष्णतेत, पंधरा किलोकॅलरी वाचवायला रक्त आटवायचो. २४०० च्या आसपासच्या हीट रेटमधून पंधरा गेल्या तर युनिटमागे जेमतेम दोन पैसे सुटतात. आणि वरच्या मजल्यावर शेड्यूलिंगच्या टेबलावर एका फोनमध्ये चाळीस पैशांचा फरक पडायचा.

ते टेबल कुणालाच नको असायचं. निवृत्तीला आलेले, पाठीचं दुखणं असलेले किंवा शिफ्ट इनचार्जशी वाजलेले लोक तिथे पाठवले जात. मी स्वतःहून मागितलं तेव्हा आमचे एक साहेब म्हणाले, "अरे, चांगला ऑपरेशनचा माणूस तू, कारकुनी कशाला करतोस?"

कारकुनी होतीच. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक. उद्या प्रत्येक ब्लॉकमध्ये आपण किती मेगावॅट देऊ शकतो ते आज कळवायचं, शेड्यूल आलं की ते युनिटला सांगायचं, आणि दिवसभर त्यात फेरफार करत राहायचे. कोणी किती वीज द्यायची ते सांगणारं राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे ऐरोलीला, पण प्लँटमध्ये सगळे त्याला कळवाच म्हणतात. "कळव्याचा फोन आहे" म्हटलं की लोड कमी करायचा निरोप असणार, हे न सांगता कळायचं.

मजा अशी की मशीनमध्ये घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची इथे किंमत लिहिली जात होती. समजा, रात्री अडीचला सी मिल, म्हणजे कोळसा दळणारं एक यंत्र, ट्रिप झाली, बंद पडली. खाली कंट्रोल रूममध्ये असताना मी म्हणायचो, "बघतो, होईल तासाभरात." आता टेबलावरून मीच विचारायला लागलो, "कोणत्या ब्लॉकपासून?" कारण रिव्हिजन टाकली तरी ती ताबडतोब लागू होत नाही, मधले काही ब्लॉक जातात, आणि तेवढा वेळ कबूल करून न दिलेल्या विजेचे पैसे डीएसएममध्ये, म्हणजे शेड्यूलपासून ढळल्याच्या हिशेबात, भरावे लागतात. ग्रिडची फ्रिक्वेन्सी घसरलेली असेल, म्हणजे ग्रिडमध्ये वीज कमी पडत असेल, तर ते जास्तच. दर आठवड्याला डीएसएमचा हिशेब यायचा. मी तो ओळ-ओळ शिफ्टच्या लॉगबुकशी पडताळून बघायचो. कोणत्या ट्रिपला किती पैसे गेले याचा एक्सेल तयार झाला आणि त्या एक्सेलमुळे पहिल्यांदा आमच्या कमर्शियल हेडला माझं नाव कळलं.

याच टेबलावर मी नियम वाचायला लागलो. विद्युत अधिनियम २००३ पासून सुरुवात केली, कारण वीजव्यापार हा स्वतंत्र, परवानाधारक धंदा म्हणून उभा राहिला तो या कायद्याने. आणि ओपन ॲक्सेस, म्हणजे दुसऱ्याच्या तारांवरून वीज नेण्याची मुभा, तोही त्यातलाच. मग केंद्रीय वीज नियामक आयोगाचे विनियम, त्यांच्या दुरुस्त्या, दुरुस्त्यांची कारणं. पहिल्या वाचनात झोप येते. पण भाव, दंड, मार्जिन, फी, सगळं तिथेच ठरतं. ट्रेडरला अल्प मुदतीच्या व्यवहारात युनिटमागे फार तर सात पैसे मार्जिन घेता येतं. एक्स्चेंजला, म्हणजे जिथे विजेचे लिलाव होतात त्या बाजाराला, एका बाजूकडून फार तर दोन पैसे. हे कुणाच्या हुशारीवर नाही, आयोगाच्या कागदावर आहे. कोळसा आणि मागणी यांच्यावरून भाव ठरतो हे अर्धंच खरं, हे मला ट्रेडिंगच्या डेस्कवर जायच्या आधी समजलं, याचा पुढे फार उपयोग झाला.

नोकरी शोधायला लागलो तेव्हा मात्र हे काहीच कुणाला दिसत नव्हतं. बायोडेटात 'थर्मल, ऑपरेशन' वाचलं की एचआरवाले तो प्लँटच्याच जागांसाठी बाजूला ठेवत. एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत गेलो तर विचारलं, "सेल्सचा अनुभव?" मी डीएसएमचं सांगायला लागलो. समोरचा माणूस घड्याळ बघत होता.

शेवटी काम झालं ते फोनवरच्या ओळखीतून. आमची वीज उचलणाऱ्या एका ट्रेडिंग कंपनीच्या डेस्कवरच्या माणसाशी माझं रोज बोलणं व्हायचं: उद्या किती देणार, कोणते ब्लॉक, कुठे कपात. चेहरा कधी पाहिला नव्हता. त्याच्याकडे जागा निघाली आणि तो म्हणाला, "तू येऊन तर जा दिल्लीला."

मुलाखत घेणारे साहेब सीए होते. त्यांनी एकच प्रश्न लावून धरला. "तुझा संच ३०० मेगावॅटचा, कोळशाचा खर्च युनिटला ३ रुपये २० पैसे. रात्रीचा बाजारभाव २ रुपये ४०. काय करशील?"

पुस्तकी उत्तर सरळ आहे: तोट्यात वीज विकू नका, संच बंद करा. मी कागद मागून घेतला. संच हवा तितका खाली आणता येत नाही; टेक्निकल मिनिमम ५५ टक्के धरलं तर १६५ मेगावॅट. म्हणजे तासाला १ लाख ६५ हजार युनिट, प्रत्येकामागे ८० पैसे तोटा, तासाला १ लाख ३२ हजार रुपये. रात्रीचे सहा तास धरले तर आठ लाखांच्या आत. आता बंद करून पहाटे परत लाइट-अप करायचं तर हॉट स्टार्टला (संच अजून गरम असताना) पंचवीसेक किलोलीटर तेल जातं. दहा-पंधरा लाख तिथेच. शिवाय ग्रिडशी सिंक्रोनाइझ होऊन पूर्ण लोडला यायला काही तास. मी त्यांना विचारलं, "उद्या संध्याकाळचा भाव किती धरू?" ते म्हणाले, "सहा धर." सहाला विकलं तर युनिटमागे २ रुपये ८० पैसे, पूर्ण लोडवर तासाला ८ लाख ४० हजार. रात्रीचा सगळा तोटा संध्याकाळच्या एका तासात वसूल होतो, पण संच तेव्हा चालू असला तर.

"म्हणजे चालू ठेवायचा," ते म्हणाले.

मी म्हटलं, उद्यापुरता हो. पण असं रोज रात्री करायचं असेल तर उत्तर बदलतं, आणि रोज बंद-चालू करायचं असेल तर आणखी बदलतं. बॉयलरमधले जाड भिंतीचे हेडर (वाफेचे मोठे पाइप) रोज तापले-निवले की चिरा जातात, ट्यूब लीकेज वाढतात, आणि एक लीकेज म्हणजे दीड-दोन दिवस संच बाहेर. ते दोन दिवस भाव चढा असतानाच येणार, कारण तेव्हाच आपण तो ताणतो. हा खर्च कुणाच्या शीटमध्ये नसतो. आणि बोली लावताना रात्र आणि संध्याकाळ वेगवेगळी टाकली तर रात्रीचे ब्लॉक नाकारले जातील आणि संध्याकाळचे मंजूर होतील, म्हणजे संच बंद आणि विकलेली वीज द्यायची बाकी. म्हणून सगळ्या ब्लॉकची एकत्र सरासरी किंमत मागणारी ब्लॉक बिड हवी: मिळाले तर सगळे, नाहीतर एकही नाही.

त्यांनी कागद ठेवून घेतला. पगार जवळपास होता तेवढाच देऊ केला.

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: सुरुवातीला मी तोट्यात होतो. कॉलनीतलं क्वार्टर गेलं, नाममात्र वीजबिल गेलं, मुलीची शाळेची बस गेली. दिल्लीत भाडं भरताना डोळे पांढरे झाले. शिफ्टमध्ये हाताखाली माणसं होती. इथे माझ्याहून वयाने लहान मुलगा माझा बॉस आणि मी त्याला "सर" म्हणतोय. बाबा आयुष्यभर मंडळात होते, त्यांना विजेचा व्यापार ही गोष्टच पटत नव्हती. "वीज बोर्डानं विकायची. तू कोण विकणारा?" त्यांच्या पिढीच्या हिशेबाने बरोबरच होतं ते.

डेस्कवर मला सगळ्यात जास्त अडलं ते गणितात नाही. अडलं ते करारात आणि उधारीत. १०० मेगावॅट महिनाभर चोवीस तास विकले तर ७ कोटी २० लाख युनिट होतात. त्यावर दोन पैसे म्हणजे १४ लाख ४० हजार रुपये. म्हणून भाव कुठल्या सीमेवरचा, हे आधी विचारायचं. विकणाऱ्या राज्याच्या वेशीवरचा की घेणाऱ्याच्या? मधलं ट्रान्समिशनचं नुकसान कुणाच्या माथी? पैसे लवकर दिले तर दोन टक्के सूट द्यायची का? लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैशांची बँकेची हमी, कधी उघडणार? प्लँटमध्ये वीज बसबारवर, म्हणजे ग्रिडकडे, गेली की माझं काम संपायचं. इथे वीज देऊन झाल्यावर खरं काम सुरू होतं. काही वितरण कंपन्या पैसे द्यायला महिने लावायच्या. सात पैसे मार्जिनच्या धंद्यात सहा महिने थकलेलं बिल म्हणजे वर्षभराची कमाई व्याजात.

आणि फोनवर गप्प बसायला शिकलो. इंजिनिअरला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो, सवयच ती. समोरच्या राज्याचे साहेब म्हणाले, "काय भाव आहे?" तर मी भाव सांगून मोकळा व्हायचो. शेजारचा अनुभवी माणूस उलट विचारायचा, "साहेब, किती हवीय आणि कोणत्या तासांना?" त्या उत्तरातच कळतं की त्यांच्याकडे संच बंद पडलाय की नुसतं ऊन वाढलंय.

१ जून २०२० ला रिअल टाइम मार्केट सुरू झालं. दर अर्ध्या तासाला लिलाव, दिवसाचे ४८, आणि वीज बोली बंद झाल्यावर तासाभरात द्यायची. शिफ्ट सुटली म्हणून मी दिल्लीला आलो होतो. डेस्क चोवीस तासांचा झाला आणि नाइट शिफ्ट परत आली, फक्त आता कानात टर्बाइनचा आवाज नव्हता. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. मला मात्र हाच बाजार सर्वात जवळचा वाटला, कारण मिल ट्रिप झाल्यावर कमी पडणारी वीज आता दंड भरण्याऐवजी विकत घेता येत होती. शेड्यूलिंगच्या टेबलावर मला हेच हवं होतं.

ऑक्टोबर २०२१ विसरता येत नाही. औष्णिक केंद्रांकडे चार-चार दिवसांचाही कोळसा नव्हता, कुठे त्याहून कमी. डे-अहेड, म्हणजे उद्याच्या विजेच्या, बाजारात काही ब्लॉकना भाव २० रुपयांना टेकला. बोलीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याहून वरचा आकडा टाकायची सोयच नव्हती. आमच्याकडे थोडी न विकलेली वीज होती. डेस्कवर वातावरण लग्नघरासारखं. मी आकडे भरत होतो, पण पलीकडच्या फोनवर जे साहेब होते त्यांच्या राज्यात भारनियमन चालू होतं आणि ते अक्षरशः विनवत होते, "थोडी बघा ना." बाजार आपलं काम करतोय, चढ्या भावामुळेच बंद संच चालू होतात, हे सगळं मला पाठ होतं आणि ते खोटंही नाही. तरीही पुढे एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने कमाल भाव १२ रुपयांवर आणला आणि वर्षभराने १०, तेव्हा डेस्कवर सगळे चडफडले आणि मला आतून बरं वाटलं. माझ्या धंद्यात हे मोठ्याने म्हणायचं नसतं.

मग १८ ऑगस्ट २०२२. थकबाकीच्या नव्या नियमांखाली १३ राज्यांतल्या २७ वितरण कंपन्यांना मध्यरात्रीपासून एक्स्चेंजवरचे व्यवहार बंद, असा निरोप संध्याकाळी आला. यादीत महाराष्ट्रही होता. कोळसा तेवढाच, ऊन तेवढंच, संच तेवढेच. पण मागणीचा भला मोठा तुकडा एका कागदाने बाजारातून उचलला. नुसतं हवामान आणि कोळसा बघून भावाचे अंदाज बांधणाऱ्यांची त्या रात्री भंबेरी उडाली. आमच्या डेस्कवर ते नियम जूनमध्ये आले तेव्हाच वाचलेले होते. तारीख कुणालाच माहीत नव्हती, पण असं होऊ शकतं हे कागदावर होतं, त्यामुळे त्या राज्यांकडची उधारी आम्ही आधीच आवळली होती.

एमबीएबद्दल विचारणाऱ्यांना मी म्हणूनच सांगतो: पैसे आणि दोन वर्षं मोकळी असतील तर करा, वाईट नाही; पण आधी प्लँटमधलं शेड्यूलिंगचं टेबल मागून घ्या. डीएसएमची बिलं वाचा. आयोगाचे आदेश वाचा, त्यातही कंपन्यांनी काय युक्तिवाद केला ते भाग सोडू नका; कोण कशाला घाबरतं ते तिथे कळतं. पायथन येत असेल तर उत्तम, नसेल तर एक्सेल नीट शिका. आणि समोरच्या डेस्कवरच्या माणसाशी सरळ वागा, तो तुमची पहिली शिफारस असतो. इंजिनिअरला एकच गोष्ट खरोखर जड जाते. निर्णय बरोबर असून पैसे जाऊ शकतात. पंप चुकीचा बसवला तर तो कंप पावतो, बरोबर बसवला तर नाही. इथे मी योग्य भावाला वीज विकतो, आणि रात्री उत्तरेत अचानक मागणी वाढते, भाव चढतो आणि सकाळी मी मूर्ख ठरतो. उलटंही होतं, तेव्हा हुशार ठरतो. दोन्हीकडे दुर्लक्ष करायला मला काही वर्षं लागली, आणि अजून पूर्ण जमलेलं नाही.

जुलै २०२५ मध्ये एमसीएक्स आणि एनएसईवर विजेचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे, सुरू झाले. आता आमच्या टेबलावर शेअर बाजारातून आलेली मुलं बसतात. मार्जिन कॉल, हेज, बेसिस हे शब्द त्यांच्या तोंडी सहज असतात, आणि ५० मेगावॅट-अवरचा एक लॉट म्हणजे ५० हजार युनिट हे त्यांना समजावून सांगावं लागतं. ती मला ऑप्शन शिकवतात, मी त्यांना टेक्निकल मिनिमम.

सध्या माझ्यासमोर फाइल आहे ती बॅटरीची. दुपारी सौर वीज इतकी येते की भाव पडतो, संध्याकाळी सूर्य गेला की तोच भाव कमाल मर्यादेला जाऊन चिकटतो. दुपारी दोन रुपयांना घ्या, साठवा, संध्याकाळी विका; आमच्या मुलांनी शीट करून आणली तीत परतावा डोळे दिपवणारा आहे. मी त्यात आधी पंधरा टक्के नुकसान टाकलं, मग दोन रुपयांचे दोन पस्तीस झाले. तरी फरक मोठाच. मग दर चक्राला झिजणारी क्षमता टाकली आणि सप्लायरकडून चाचणीचे अहवाल मागवले: कोणत्या तापमानाला, किती खोल डिस्चार्जला. विदर्भातल्या मे महिन्याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नाही. आणि सगळ्यांनीच बॅटऱ्या लावल्या की संध्याकाळचा भाव दहावर राहणार आहे का, यावर शीटमध्ये सध्या प्रश्नचिन्ह ठेवलंय. सोमवारी सप्लायरचा माणूस येतोय. त्याला पहिला प्रश्न कूलिंगला किती वीज लागते हा विचारणार आहे.